एका ओवीपुरतं ख्रिस्तपुराण: आपण नेमकी कोणती प्रत वाचतो?

मराठी भाषेच्या थोरवीवर भाषण करायचं असेल, तर तीन गोष्टी हमखास येतात. ज्ञानेश्वरांची अमृताशी पैज, सुरेश भटांचं गीत आणि फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’तल्या त्या ओव्या. दगडांत जसं रत्न, फुलांत जशी मोगरी, सुगंधांत जशी कस्तुरी, पाखरांत जसा मोर, तशी भाषांमध्ये मराठी, असा त्यांचा आशय. दर २७ फेब्रुवारीला त्या व्हॉट्सॲपवर फिरतात. तुमच्याही मोबाइलवर आल्या असतील. खाली एक ओळ असते : बघा, एका इंग्रज पाद्र्यालाही आपली मराठी किती गोड वाटली!

ओव्या खऱ्या आहेत आणि सुंदरही आहेत. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही, त्यांच्यापाशीच थांबण्याबद्दल आहे. जवळपास ११ हजार ओव्यांच्या ग्रंथातून आपण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ओव्या उचलल्या, आणि त्यांच्यावरून ठरवून टाकलं की हा ग्रंथ म्हणजे शुद्ध मराठीचा गौरव. माझं काम सतराव्या शतकातल्या मराठी पोथ्यांच्या पाठभेदांवर आहे, म्हणजे एकाच ग्रंथाच्या वेगवेगळ्या प्रतींत शब्द कुठे आणि का बदलतात यावर. त्या नजरेनं पाहिलं की प्रश्न उलटा पडतो. ‘ख्रिस्तपुराण किती थोर’ हे नंतर बघू. आधी सांगा, कोणतं ख्रिस्तपुराण?

छापलेलं हरवलं, हातानं लिहिलेलं उरलं

थोडी पार्श्वभूमी. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधला जेझुइट. १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये वारला. मधली जवळजवळ चाळीस वर्षं त्यानं गोव्यात काढली, त्यातली बरीचशी दक्षिण गोव्यातल्या साष्टी भागात. भारतात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून त्याचं नाव घेतात. त्याचं पुराण १६१६ मध्ये रायतूरला (आज आपण राशोल म्हणतो तिथे) छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं. दोन भाग आहेत. पहिल्यात बायबलच्या जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र. प्रकरणांना त्यानं ‘अवस्वर’ म्हटलंय. पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९.

आता गंमत बघा. या तीनही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला तो हातानं नक्कल केलेल्या प्रतींतून. आपण समजतो की छापलं की टिकलं. इथे छापलेलं गेलं आणि हातानं लिहिलेलं राहिलं.

कारणंही समजण्यासारखी आहेत. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला खरा, पण १६७४च्या सुमारास तिथली छपाई थांबली ती थेट १८२१ पर्यंत. मधल्या काळात, १६८४ मध्ये, पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. म्हणजे छापखाना बंद आणि भाषेवर सरकारी वरवंटा. तरीही हे पुराण वाचणारी, ऐकणारी, ऐकता ऐकता उतरवून घेणारी माणसं होती. गोव्यातून खाली मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्याबरोबर प्रती नेल्या. १९०७ मध्ये जोसेफ सालदान्हा यांनी मंगळुरात हा ग्रंथ पुन्हा छापला, तो अशाच हस्तलिखित प्रतींवरून.

आपल्या भागातलं उदाहरण घ्यायचं तर दासबोधाचं घ्या. मलकापूरहून चाफळ काही लांब नाही. ओवीबद्ध दासबोधही सतराव्या शतकातला, पण त्याच्या वाट्याला त्या काळात छापखाना आलाच नाही. तो मठामठांतून नकला होत होत पुढे आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी तो छापला, तेव्हा डोमगावच्या मठातली कल्याणस्वामींच्या हातची पोथी आधाराला घेतली. एक ग्रंथ छापखान्यातून निघालेला, एक मठातून. दोघांनाही वाचवलं ते नक्कल करणाऱ्या हातांनी. ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात ‘दुर्मीळ’ अशी चिठ्ठी लावलेली पोथी दिसली, की आपलं लक्ष तिच्या वयाकडे जातं. विचारायला हवं ते हे की ही नक्कल कुणी केली, कुणासाठी केली आणि करताना काय बदललं.

एम, ए, एल, ए

रायतूरला छापलेलं पुराण रोमन लिपीत होतं. मराठी ओवी, पण अक्षरं पोर्तुगीज वळणाची. स्टीफन्सला हे काही फार आवडत नव्हतं. १६०८ मध्ये त्यानं रोमला, जेझुइटांच्या प्रमुखाला लिहिलेल्या पत्रात आपली जुनी इच्छा बोलून दाखवली आहे की या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या लिपीत पुस्तकं छापली जावीत. अडचणही त्यानंच सांगितली. युरोपात दोन डझन अक्षरांच्या साच्यांत काम भागतं, इथे जोडाक्षरं आणि काना-मात्रा धरून सहाशेच्या घरात साचे पाडावे लागतील. ते साचे काही पडले नाहीत. ग्रंथ रोमन अक्षरांतच छापला गेला.

रोमन लिपीतली मराठी म्हटल्यावर आपण नाक मुरडतो. पण तुम्ही दिवसभर काय करता? ‘जेवलास का’, ‘निघालो’, ‘पोचलो की फोन करतो’ हे सगळं अर्धा महाराष्ट्र रोमन अक्षरांतच टाइप करतो. त्यामुळे या ग्रंथाच्या संपादकापुढचा पेच समजायला तुम्हाला वेगळं शिक्षण नको. एम, ए, एल, ए अशी चार अक्षरं टाइप करा. ते ‘मला’ आहे, ‘माला’ आहे, ‘माळा’ आहे की ‘मळा’? मेसेजमध्ये आपण संदर्भावरून ओळखतो. चारशे वर्षांपूर्वीच्या ओवीत संदर्भही जुना आणि शब्दही जुने.

पोर्तुगीज वळणाच्या लेखनात ‘श’साठी एक्स येतो, ‘ज’साठी झेड येतो आणि ‘कि’साठी क्यू-यू-आय. हे नियम एकदा कळले की हात बसतो. पण स्वराचा ऱ्हस्व-दीर्घ, ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’ यांचा निर्णय शेवटी संपादकालाच करावा लागतो. १९५६ मध्ये पुण्यातून शांताराम बंडेलू यांनी संपूर्ण ग्रंथ देवनागरीत आणला. १९९६ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानं कारिदाद द्रागो यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती काढली. २००९ मध्ये नेल्सन फल्काव यांची आवृत्ती आली, सोबत आजच्या मराठीत गद्य अनुवाद. ही तीनही कामं प्रचंड मेहनतीची आहेत. त्यांच्याशिवाय माझ्यासारख्याला या ग्रंथाच्या जवळही जाता आलं नसतं.

तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. देवनागरी पान समोर आलं, की हा ग्रंथ ज्ञानेश्वरी-एकनाथी भागवताच्या रांगेत आपोआप जाऊन बसतो. डोळ्यांना काही खटकतच नाही. रोमन पानावर प्रत्येक ओळ आठवण करून देते की हा मजकूर पोर्तुगीज राज्यातला आहे, चर्चच्या छापखान्यातला आहे, आणि ज्यांना नागरीपेक्षा ही अक्षरं जवळची व्हावीत असा प्रयत्न चालला होता त्यांच्यासाठी आहे. लिपी बदलताना शब्द तेच राहिले तरी ही आठवण पुसली जाते. देवनागरी आवृत्तीत रोमन ओवीचं एखादं पान नमुन्यादाखल समोरासमोर असावं, एवढी साधी अपेक्षा वाचक म्हणून आपण ठेवायला हरकत नाही.

लंडनमधली ‘मूळ’ पोथी

आता खरा वादाचा मुद्दा. १९२०च्या दशकात रेव्हरंड जस्टिन ॲबट यांनी लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीजच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. हे तेच ॲबट, ज्यांनी महाराष्ट्रातल्या संतांची चरित्रं इंग्रजीत आणली. या संस्थेच्या (आजच्या सोआस, लंडन विद्यापीठ) ग्रंथालयात त्यांना ख्रिस्तपुराणाची देवनागरी पोथी मिळाली होती. दोन भाग, ‘आदिपुराण’ आणि ‘देवपुराण’. पोथी विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातली. सुमात्राचा इतिहास लिहिणारे हे इंग्रज विद्वान पोथ्या आणि पुस्तकं जमवायचे. १८३५ मध्ये त्यांनी आपला संग्रह लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिला आणि तिथून तो पुढे या संस्थेत आला. म्हणून तिला ‘मार्सडेन प्रत’ म्हणतात.

ॲबटनी आपल्या लेखाच्या मथळ्यातच तिला ‘मूळ देवनागरी संहिता’ म्हटलं. या ‘मूळ’ शब्दानं बरंच काही घडवलं. कारण मार्सडेन प्रत आणि रोमन परंपरा यांत मोठा फरक आहे. रोमन परंपरेत चर्चशी संबंधित अनेक शब्द पोर्तुगीज-लॅटिन वळणाचे आहेत. मार्सडेन प्रतीत त्यांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द येतात. वाचायला ती प्रत आपल्या कानाला अधिक जवळची वाटते, यात शंकाच नाही.

ॲबटची बाजू आधी नीट मांडूया. स्टीफन्सला स्थानिक लिपीची ओढ होती, हे त्याच्या १६०८च्या पत्रावरून दिसतं. गोव्यात पुस्तक छापायचं तर इन्क्विझिशन, आर्चबिशप आणि स्वतःचा पंथ अशा सगळ्यांची परवानगी लागे. मग कवीनं आधी नागरीत, संस्कृत वळणाच्या शब्दांत लिहिलं आणि छापताना चर्चला चालतील असे शब्द घातले गेले, ही शक्यता अगदीच टाकाऊ नाही.

पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. शुद्ध दिसणारी प्रत आधीची असू शकते, तशीच ती नंतर कुणी शुद्ध केलेलीही असू शकते. पाठभेदांच्या अभ्यासात दोन्हीची उदाहरणं मिळतात. मग झुकतं माप कुठे टाकायचं? माझ्या मते रोमन परंपरेकडे, आणि त्याला तीन कारणं आहेत.

पहिलं कारण स्टीफन्सचं दुसरं पुस्तक. त्याची प्रश्नोत्तरांची ‘दौत्रिन ख्रिस्तां’ ही कोकणी पोथी त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापली गेली. तिच्यातही चर्चचे पारिभाषिक शब्द पोर्तुगीज वळणाचेच आहेत. गोव्यातल्या जेझुइटांचं हे ठरलेलं धोरण होतं. नवा धर्म, तर त्याच्या संस्कारांना नवे शब्द. जुना शब्द वापरला तर जुना अर्थ मागच्या दारानं आत येईल, ही भीती त्यामागे होती. याच काळात, १६०६ पासून, तमिळ मुलखात मदुराईला रॉबर्ट दी नोबिली उलट धोरण राबवत होता. पोर्तुगीज शब्द टाळायचे आणि संस्कृत-तमिळ शब्द घ्यायचे. त्यावरून चर्चमध्ये मोठं भांडण झालं आणि ते रोमपर्यंत गेलं. मार्सडेन प्रतीचा शब्दसंग्रह मदुराईच्या धोरणाला जवळचा आहे, रोमन परंपरेचा गोव्याच्या. स्टीफन्स जन्मभर गोव्यात होता.

दुसरं कारण खुद्द ग्रंथातलं. रोमन परंपरेतल्या ओव्यांतही सगळे शब्द पोर्तुगीज नाहीत. ‘परमेश्वर’ आहे, ‘स्वर्ग’ आहे, ‘वैकुंठ’सुद्धा आहे. वर्णन करायचं, स्तुती करायची, रडवायचं तिथे कवी जुन्या ओवीचे शब्द बिनदिक्कत वापरतो. पवित्र आत्मा, चर्चचे संस्कार, अशा ठिकाणी तो पोर्तुगीज-लॅटिन शब्दांकडे वळतो. ही वाटणी इतकी पद्धतशीर आहे की कुणा परवानगी देणाऱ्यानं नंतर शब्द कोंबले असं वाटत नाही. लिहिणाऱ्यानं ती लिहितानाच केलेली दिसते.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. छापील ग्रंथाच्या परंपरेत एक गद्य प्रस्तावना आहे. तीत कवी सांगतो की ग्रंथ मराठीत आहे, पण शुद्ध मराठी इथल्या मध्यम लोकांना कळत नाही. म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून दिले आणि सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले. हे सोपे शब्द कुठले, तर ‘ब्राह्मणांच्या भाषे’तले. तेव्हाचे पाद्री कोकणीच्या एका बोलीला हे नाव देत. इथे एक पायरी जपून टाकायला हवी. ही प्रस्तावना कोकणी मिश्रणाबद्दल बोलते, पोर्तुगीज शब्दांबद्दल नाही. त्यामुळे ती वाद मिटवत नाही. पण कवीचा स्वभाव सांगते. हा माणूस शुद्धतेच्या मागे नव्हता, ऐकणाऱ्याला कळावं याच्या मागे होता.

आता त्या रत्न-मोगरीच्या ओव्या पुन्हा आठवा. ज्या कवीचं नाव आपण शुद्ध मराठीच्या गौरवासाठी घेतो, त्यानंच ग्रंथाच्या दारात उभं राहून सांगितलंय की मी शुद्ध मराठी वापरलेली नाही. ओव्या फॉरवर्ड होतात, प्रस्तावना होत नाही.

मग बिघडलं काय?

तुम्ही म्हणाल, शब्द संस्कृत वळणाचा असो की पोर्तुगीज, कथा तर तीच आहे ना? फरक काय पडतो?

फरक समजायला कराड-मलकापूरच्या उसाच्या शिवारात या. इथला शेतकरी रोजच्या बोलण्यात ‘टनेज’ म्हणतो, ‘रिकव्हरी’ म्हणतो, ‘ॲडव्हान्स’ म्हणतो, ‘स्लिप’ म्हणतो. समजा तीनशे वर्षांनी कुणी त्याची रोजनिशी संपादित केली आणि ‘रिकव्हरी’च्या जागी सगळीकडे ‘साखर उतारा’ घातलं. मराठी नीटच झाली, कारण ‘साखर उतारा’ हाही आपलाच शब्द आहे. पण कारखान्याच्या काट्यावरून, लॅबमधून, बिलाच्या कागदावरून इंग्रजी शब्द शेतकऱ्याच्या तोंडी कसे बसले, कारखाना आणि शेतकरी यांच्यात कुणाची भाषा चालत होती, ते सगळं पुसलं जाईल. शब्द नेटका झाला आणि व्यवहार दिसेनासा झाला.

ख्रिस्तपुराणातले पोर्तुगीज शब्द तसेच आहेत. ते साध्या-सोप्या परिस्थितीत आलेले नाहीत. १५६७ मध्ये साष्टीत देवळं पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारलं आणि त्यानंतर सत्तेनं गावावर सूड उगवला. त्याच वर्षी स्टीफन्सनं आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात या घटनेची हकीकत आहे. म्हणजे हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोरचं होतं. पुराणाच्या सुरुवातीलाच ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्र्याला विचारतो, त्याचा मतितार्थ असा : आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आमच्या मनाला रमवणारं तसंच दुसरं काही का देत नाही? सगळा ग्रंथ या प्रश्नाचं उत्तर म्हणून उभा आहे.

हा प्रश्न किती दुखरा आहे बघा. पिढ्यान्‌पिढ्या संध्याकाळी पोथी लागायची, सगळी आळी ऐकायला बसायची. ती पोथी गेली. मागणारा नव्या धर्माविरुद्ध बोलत नाही, पोथीची सवय परत मागतोय. आणि देणारा त्याला त्याचीच ओवी परत करतो, पण मधले शब्द आपले घालून. त्या ओवीत गोडवा आहे, कळवळा आहे आणि सत्ताही आहे. तिन्ही एकाच ओळीत. पोर्तुगीज शब्द वगळलेला पाठ हाच मूळ आणि खरा असं आपण धरलं, की तिसरी गोष्ट नजरेआड होते. उरतो फक्त ‘मराठीवर प्रेम करणारा पाद्री’. भाषणाला तो सोयीचा असतो. साष्टीतल्या त्या माणसाला मात्र आपण दुसऱ्यांदा गप्प करतो.

याचा अर्थ मार्सडेन प्रत कमी मोलाची आहे असा नाही. उलट. ती नंतरची असेल तर आणखीच मोलाची. कारण मग ती सांगते की कुणाला तरी हा ग्रंथ नागरीत, पोर्तुगीज शब्दांशिवाय वाचायचा होता. तो वाचक कोण? नागरी वाचणारा म्हणजे बहुधा जुन्या पोथ्यांच्या परंपरेतलाच. ‘मूळ’ ही चिठ्ठी काढून टाकली, की ही पोथी अस्सल-नकलीच्या वादातून सुटते आणि एका वेगळ्या वाचकाचा पुरावा होते.

ब्रागाची उलटी गोष्ट

लिपीवरून आणि शब्दांवरून घाईनं निष्कर्ष काढू नयेत याचं आणखी एक उदाहरण पोर्तुगालमध्ये आहे. ब्रागा शहरातलं सार्वजनिक ग्रंथालय आज मिन्हो विद्यापीठाचा भाग आहे. तिथे गोव्यातून गेलेल्या जुन्या हस्तलिखितांचे खंड आहेत. लिपी रोमन. उघडून पाहिलं तर आत रामायण-महाभारताच्या कथा, काही कोकणी गद्यात, काही मराठी ओव्यांत. कृष्णदास शामाचं १५२६चं कृष्णचरित्रही त्यांतलंच. विसाव्या शतकात मारियानो सालदान्हा, पांडुरंग पिसुर्लेकर अशा अभ्यासकांनी या खंडांकडे लक्ष वेधलं.

हे उतरवून का घेतलं? लोकांचं मन ज्या कथांत गुंतलंय त्या कळल्याशिवाय त्यांना खोडून काढता येत नाही, म्हणून. हिंदूंच्या घरांतून पोथ्या मिळवल्याच्या, काही वेळा चोरून आणल्याच्याही नोंदी जेझुइटांच्या त्या काळच्या पत्रांत आहेत. ज्यांच्या देवघरातून त्या गेल्या त्यांच्याकडे काय उरलं असेल, याचा विचार करा. आणि ज्यांनी खोडण्यासाठी उतरवल्या त्यांच्यामुळेच सोळाव्या शतकातलं कोकणी गद्य आज आपल्या हाती आहे, याचाही.

आता दोन्ही विद्यापीठांची ग्रंथालयं शेजारी ठेवा. लंडनमध्ये ख्रिस्ताची कथा, नागरी लिपीत, संस्कृत वळणाच्या शब्दांत. ब्रागामध्ये राम-कृष्णाची कथा, रोमन लिपीत, पाद्र्यांच्या वहीत. लिपी बघून धर्म सांगायला जाल तर दोन्हीकडे फसाल. भाषा, लिपी आणि धर्म यांची जी घट्ट गाठ आपण आज मारून ठेवली आहे, ती सतराव्या शतकातल्या गोव्यात अजून बसायची होती. गाठ मारण्याचं काम जोरजबरदस्तीनं चालू होतं आणि माणसं आपापल्या परीनं त्यातून वाट काढत होती. या पोथ्या त्याच्या साक्षीदार आहेत. साक्षीदाराची जबानी आपण दुरुस्त करायची नसते.

वाचायचं कसं?

आता तुमच्यासाठी कामाचं. सतराव्या शतकातला कुठलाही मराठी ग्रंथ हातात घेतलात, मग तो दासबोध असो, गाथा असो की ख्रिस्तपुराण, तर आधी प्रस्तावना उघडा आणि तीन गोष्टी शोधा. संपादकानं कोणत्या प्रती वापरल्या? त्या कोणत्या लिपीत होत्या? शब्द बदलले असतील तर ते तळटीपेत दाखवलेत का? शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुराम पंडित यांनी सरकारी मदतीनं तुकोबांची गाथा संपादित केली, ती १८६९ पासून छापून निघाली. तेव्हाही त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या पोथ्या पडताळून पाठभेद नोंदवले होते. दीडशे वर्षांपूर्वी जे जमलं त्याची अपेक्षा आजच्या आवृत्तीकडून ठेवणं म्हणजे काही जास्त मागणं नाही.

आमच्या मलकापुरात विद्यापीठ आहे, पण ते वैद्यकीय. पोथ्यांसाठी कोल्हापूर-पुण्याची एसटी धरावी लागते, आणि लंडन-ब्रागाची तर बातच सोडा. म्हणून आपल्यासारख्यांसाठी छापील आवृत्ती हीच पोथी असते. संपादकाच्या प्रत्येक निर्णयावर आपली सगळी भिस्त असते. तो निर्णय त्यानं उघड सांगितला पाहिजे, असा आग्रह म्हणूनच धरायचा.

आणि येत्या मराठी भाषा गौरव दिनाला कुणी त्या ओव्या पाठवल्याच, तर एक करा. जवळच्या वाचनालयात बंडेलूंची किंवा द्रागोंची आवृत्ती आहे का बघा, नसेल तर मागवायला सांगा. मग पहिला अवस्वर सलग, मोठ्यानं वाचा. ओवी ही ऐकायची गोष्ट आहे, मनातल्या मनात वाचली तर निम्मी निसटते. रत्न आणि मोगरी लागतील तिथे थांबू नका. अडणारे शब्द लागतील, काही कोकणी, काही पोर्तुगीज. त्यांना वळसा घालून पुढे जाऊ नका. ते तिथे का आहेत, हे त्या पानावरच्या सगळ्यात गोड ओवीइतकंच महत्त्वाचं आहे.